सदस्यांविना जिल्हा परिषद

आमचा वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा हा शब्द अरबी घराण्यातला, परिषद संस्कृतातली. दोघे सुखाने नांदतात. तालुक्याच्या मुळाशी तर 'तअल्लुक' आहे, म्हणजे संबंध. कवी म्हणून मला हा शब्द फार आवडतो.

सरकार आणि खेडे यांचा हा संबंध महाराष्ट्रात बांधला तो शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांनी. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये विकासगटाला महत्त्व दिले होते. नाईक समितीने 1961 च्या अहवालात जिल्ह्याला दिले, आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाना, गावरस्ता यांचा निर्णय मुंबईत न होता जिल्ह्यात व्हावा आणि तो निवडून आलेल्यांनी घ्यावा, ही कल्पना. 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली. मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक, हे घटनेतच आले. शहरांसाठी 74 वी दुरुस्ती तेच सांगते.

आता वाशीमचेच पाहा. जानेवारी 2020 मध्ये 52 जागांची निवडणूक झाली. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षण 50 टक्क्यांवर नेता येणार नाही, इतर मागासवर्गाच्या जागा आयोगाच्या पाहणीवरून ठरवा, असे सांगितले. आमच्या 14 जागा रिकाम्या झाल्या. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली. मोजून द्या, हे म्हणणे मला रास्त वाटते. पण मोजणी आणि प्रभागरचना यांच्या घोळात राज्यभर निवडणुकाच थांबल्या. बहुतेक नगरपालिकांना डिसेंबर 2025 उजाडला. वाशीम जिल्हा परिषदेची मुदत जानेवारी 2025 मध्ये संपली, तेव्हा नवी निवडणूक झालेली नव्हती. कारभार प्रशासकाकडे गेला.

प्रशासक म्हणजे बहुधा तिथलाच मुख्य कार्यकारी अधिकारी. तो प्रामाणिक असेलही, पण तो मते मागायला येत नाही, आणि बदली झाली की जातो. शाळेचे छप्पर गळते म्हणून गावकरी सदस्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. साहेबांच्या दालनाबाहेर मात्र चिठ्ठी पाठवून थांबावे लागते. सभागृहात प्रश्न विचारणारा कोणी नसतो. अंदाजपत्रक ज्याने तयार करून घ्यायचे, त्यानेच ते मंजूरही करायचे.