हवा संपली की ब्रेक लागतो

संपादकांनी ट्रकच्या ब्रेकवर लिहायला सांगितलं, म्हणून बंगळुरूच्या यशवंतपूरला गेलो. पुण्या-मुंबईकडून आलेले ट्रक इथल्या देवराज अर्स टर्मिनलवर विसावतात आणि आसपासच्या गल्ल्यांत त्यांची डागडुजी चालते. कुणी पाटे बदलतंय, कुणी हबमध्ये ग्रीस भरतंय, कुणी जुन्या लायनरचे रिबीट तोडून ब्रेकशूवर नवे लायनर ठोकतंय. कन्नड, हिंदी, तमिळ अशी सरमिसळ कानावर पडते. ड्रम, कॅम, बूस्टर, हौसिंग हे शब्द मात्र सगळ्यांचे एकच.

मी ज्यांच्याजवळ रेंगाळलो ते मेस्त्री खानापूरकडचे, त्यामुळे मराठीतच बोलणं झालं. दहा चाकी गाडीखाली ते उताणे पडले होते आणि पोराला ब्रेक दाबायला सांगत होते. पेडल दाबलं की फुस्स आवाज, मागच्या एक्सलजवळच्या डब्यातून एक दांडी बाहेर. सोडलं की पुन्हा आत. मेस्त्री त्या दांडीवर खडूची रेघ मारून ती किती बाहेर येते ते पट्टीने मोजत होते. एवढंच काम, पण सगळ्या गाडीची सुरक्षा त्या मापात होती.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. पहिल्या रचनेत नळी फुटली की ब्रेक जायचा. काही वर्षांतच त्याने ती उलटी केली: हवा गेली की ब्रेक आपोआप लागलाच पाहिजे. आजच्या ट्रकचा हँडब्रेक याच तत्त्वावर चालतो. आपल्याकडे पुण्यात १९६१ मध्ये सुरू झालेली भारत फोर्ज पुढच्या एक्सलचे बीम घडवते. मागच्या एक्सलसाठी पुण्याच्याच कल्याणी समूहाने अमेरिकेच्या रॉकवेलबरोबर १९८१ मध्ये मैसूरला ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स ही कंपनी काढली. बंगळुरूजवळ होसकोट्याला व्होल्वोचे ट्रक १९९८ पासून जोडले जाऊ लागले. म्हणजे या धंद्याचं एक टोक पुण्यात आणि दुसरं कर्नाटकात.

आता त्या दांडीकडे येऊ. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. ड्रायव्हरने पेडल दाबलं की ती हवा चाकाजवळच्या डब्यात, म्हणजे बूस्टरमध्ये जाते. आत रबरी डायफ्राम असतो. तीस नंबरच्या बूस्टरमध्ये त्याचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच. दर चौरस सेंटीमीटरला सात किलोचा दाब आला की दांडीवर जवळपास साडेतेराशे किलोंचा रेटा पडतो. दांडी स्लॅक ॲडजस्टर नावाचा आखूड दांडा ढकलते, त्याने इंग्रजी एस आकाराचा कॅम फिरतो, कॅम दोन्ही ब्रेकशू फाकवतो आणि लायनर ड्रमवर घट्ट बसतात.

लायनर झिजत जातात तशी दांडीची चाल वाढत जाते. या बूस्टरमध्ये दांडी फार तर अडीच इंच बाहेर येऊ शकते. दोन इंचांच्या पुढे गेली की आवळायची वेळ झाली असं समजतात. आवळणं म्हणजे स्लॅक ॲडजस्टरचा स्क्रू फिरवून शू पुन्हा ड्रमजवळ आणणं. त्यातली खोच मेस्त्रींनी सांगितली तेव्हा मी थबकलो. उतारावर ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि लायनरपासून आणखी लांब जातो. थंड गाडीत सव्वादोन इंचांवर ठीक वाटणारी चाल घाटात पुरत नाही. दांडी डब्याच्या टोकाला टेकते; टाकीत हवा भरपूर, पेडलखाली जोर भरपूर, आणि चाकावर काही नाही.

मागच्या बूस्टरला आणखी एक डबा जोडलेला असतो, त्यात जाडजूड स्प्रिंग. हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लावते. तो डबा उघडायचा म्हटला की मेस्त्रींचा हात एरवीपेक्षा सावकाश चालतो. आधी मागच्या भोकातून लांब बोल्ट घालून स्प्रिंग जखडायची, मगच पुढचं. हे न करता क्लॅम्प सोडला तर झाकण गोळीसारखं उडतं आणि समोरच्या माणसाचा जीव जातो. हवा गळून ब्रेक जाम झाला की रस्त्यात काही जण हाच बोल्ट लावतात आणि तशीच गाडी पुढे काढतात. शेवटचा राखणदारच असा बांधून टाकतात.

पण राखणदार जागा असला तरी त्याचा जोर त्याच कॅममधून, त्याच शूमधून, त्याच तापलेल्या ड्रमवर जातो. वेस्टिंगहाउसने हवा गेल्यावरचा बंदोबस्त केला. ढिला स्लॅक आणि जळलेले लायनर यांचा बंदोबस्त माणसानेच करायचा आहे.

उतारावर किती उष्णता होते ते पाहा. चाळीस टनांची गाडी शंभर मीटर खाली उतरली की जवळपास सव्वाशे लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ऊर्जा मोकळी होते. खालच्या गियरमध्ये आणि एक्झॉस्ट ब्रेकवर उतरलं तर तिचा मोठा वाटा इंजिन घेतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला काढली की सगळा भार लायनरवर. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसरही थांबतो; मग प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. ब्रेक फेल झाल्याचं आधी सांगितलं गेलं. उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं नंतर पोलिसांच्या तपासातून पुढे आलं. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच उतारावर कंटेनरने गाड्या ठोकल्या, आग लागली आणि माणसं दगावली.

वजनाची मर्यादाही वाढली आहे. २०१८ मध्ये चार टायरच्या एका एक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन आणि जोडएक्सलला १९ ऐवजी २१ टन मंजूर झाले. त्यात टायर वाचवायला काही जण भरल्या गाडीचा लिफ्ट एक्सल वर उचलतात. मग त्या चाकांचा ब्रेक हवेतच राहतो. नव्या गाड्यांत एबीएस आणि आपोआप आवळणारे स्लॅक आले. पण तो स्लॅक आपोआप आवळेनासा झाला की बदलण्याऐवजी हाताने पिळून गाडी सोडतात, आणि थोड्याच दिवसांत चाल पुन्हा वाढते. फिटनेसची तपासणी आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. घाटात धावणाऱ्या गाडीचा स्लॅक एवढी वाट पाहत नाही.

तेव्हा दोन गोष्टी व्हायला हव्यात. ट्रकमालकाने घाटाच्या प्रत्येक फेरीआधी दांडीची चाल मोजून घ्यावी; त्याला खडू, पट्टी आणि पेडल दाबायला एक माणूस पुरतो. आणि अपघातानंतरच्या पंचनाम्यात ‘ब्रेक फेल’ लिहून मोकळं न होता प्रत्येक चाकाच्या दांडीचं माप, लायनरची जाडी आणि गियर कोणता होता हे नोंदवावं. वाचकांपैकी जे स्वतः गाडी चालवतात त्यांना इतकंच सांगणं: उतारावर ट्रकच्या पुढे घुसू नका. त्याची दांडी किती बाहेर येते हे तुम्हाला माहीत नाही, आणि बऱ्याचदा ड्रायव्हरलाही नसतं.