‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ

गेल्या पावसाळ्यात सोलापुरातील एका औषधविक्रेत्या मित्रांनी एका वनस्पतिज चूर्णाचा तपासणी अहवाल आम्हांस दाखविला. शिसे, पारद, सोमल व कॅडमियम या चारही नावांसमोर एकच शेरा होता : ‘आढळले नाही’. माल घ्यावा किंवा कसे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. अहवालात शोधमर्यादा कोठेही नोंदलेली नव्हती; म्हणून तूर्त थांबावे, असे आम्ही सुचविले.

शोधक उपकरण ‘नाही’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ ‘मला दिसले नाही’ एवढाच असतो. वैद्यांस हे नवे नसावे. विद्यमान वस्तूही का दिसत नाही, याची कारणे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दिली आहेत. त्यांपैकी अतिसौक्ष्म्य, करणदौर्बल्य व अभिभव ही तीन प्रयोगशाळेतही तंतोतंत लागू पडतात.

ए.ए.एस. या नावाने परिचित असलेल्या उपकरणात द्रावण ज्योतीत फवारतात आणि विशिष्ट धातूचे अणू विशिष्ट प्रकाश किती शोषतात, हे मोजतात. त्यापूर्वी चूर्ण आम्लात विरघळवावे लागते. समजा, १ ग्रॅम चूर्णाचे १०० मि.लि. द्रावण केले आणि उपकरणास द्रावणातील ०.२ पीपीएमपासून पुढचेच दिसते. तर चूर्णातील २० पीपीएमपर्यंतचा धातू ‘आढळत नाही’. वनस्पतिज औषधांसाठी ग्राह्य धरलेल्या मर्यादा मात्र शिसे १०, सोमल ३, पारद १ व कॅडमियम ०.३ पीपीएम अशा आहेत. असा अहवाल खोटा नसतो, निरुपयोगी असतो. पारद तर साध्या ज्योतीत फारच अंधूक दिसतो. त्यासाठी शीतबाष्प पद्धती लागते.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टन परिसरातील ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल निघाले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांस ही चाचणी आपल्या शासनाने बंधनकारक केली. रसकल्पांची गोष्ट निराळी. तेथे पारद असणारच. तो मुक्त आहे की गंधकाशी बद्ध, हा खरा प्रश्न असतो, आणि आम्लात सर्व विरघळविणारे ए.ए.एस. त्याचे उत्तर देऊ शकत नाही. क्ष-किरण विवर्तनाने ते कळते. आपली निश्चंद्रत्व परीक्षाही मोकळ्या धातूची चमकच शोधते. पण चूर्णातील १०-१५ पीपीएम शिसे तिला कधीच दिसणार नाही. कोणाचे करण कोठे दुर्बल, हे ओळखूनच परीक्षा निवडावी.

न विचारलेलेही उपकरण सांगत नाही. २०१० साली महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे अडकली, हे आपल्या जिल्ह्यातील बागायतदारांच्या स्मरणात असेल. येथील तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. द्राक्षासवासाठी मनुका घेणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

तेव्हा अहवाल घेताना तुकडी क्रमांक, चाचणीची पद्धती आणि प्रत्येक धातूची चूर्णातील शोधमर्यादा लिहून मागावी. आमच्या मित्रांनी त्याच तुकडीचा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठविला. पारद, सोमल, कॅडमियम मर्यादेत होते. शिसे १४ पीपीएम निघाले. माल परत गेला.