पदवी, गुरू आणि गळा

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांतील मुलांच्या पुढच्या वाटा बहुधा ठरलेल्या असतात. वाणिज्य शाखा, सी.ए.ची परीक्षा, नाहीतर सरळ पेढीवर बसणे. अशा घरातील एखाद्या मुलीने विद्यापीठात गायन शिकण्याची इच्छा बोलून दाखवली, की दोन प्रश्न हमखास पुढे येतात. पदवी घेऊन कोणी गायक होतो काय? आणि पुढे चरितार्थाचे काय? हे प्रश्न अरसिकतेचे म्हणून झटकून टाकता येत नाहीत. भांडवल गुंतवण्यापूर्वी शहाणा माणूस असेच विचारतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. केवळ पदवीने गळा तयार होत नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून वर्ग, अभ्यासक्रम व परीक्षा रूढ केल्या, तेव्हापासून ही शंका घेतली जाते. भरल्या वर्गात एकेकाचा स्वर पारखणे कोणाही शिक्षकाला कठीणच. मग या शिक्षणातून गायकाच्या पदरी पडते तरी काय?

डॉ. प्रभा अत्रे यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९३२ साली पुण्यात, गाण्याची परंपरा नसलेल्या घरात त्यांचा जन्म झाला. आजारी आईला विरंगुळा म्हणून गाण्याची शिकवणी सुरू झाली आणि ते सूर मुलीच्या कानी पडले. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांच्याकडे तालीम मिळाली. दुसरीकडे विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या त्यांनी मिळवल्या. वकिली मात्र केली नाही. संगीताच्या उच्च परीक्षा देऊन त्यांनी प्रबंध लिहिला, तो सरगमवर.

हा विषय ग्रंथालयात सापडलेला नव्हता, मैफलीतून आला होता. ख्याल गाताना स्वरांची नावे घेत सरगम करणे अनेक जाणकारांना रुचत नसे. सा-रे-ग-म हे शिकवण्याचे साधन, मैफलीत त्याने रसभंग होतो, असा आक्षेप असे. प्रभाताईंना सरगम प्रिय होती आणि त्यासाठी त्यांनी टीकाही सोसली. घराण्याच्या नावाचा आधार घेऊन गप्प बसता आले असते. त्यांनी मात्र सरगमचे ख्यालातील स्थान काय, याचा शास्त्रशुद्ध विचार केला आणि ती गातही राहिल्या. गुरू ‘कसे’ ते शिकवतो. ‘का’ विचारण्याची सवय अभ्यासाने लागते. ज्याला आपल्या गाण्याचे कारण सांगता येते, तो टीकेने डगमगत नाही, आणि घराण्याबाहेरचे काही घेतले तरी वाट चुकत नाही.

आता चरितार्थ. आकाशवाणीवर साहाय्यक निर्मात्या म्हणून काम केल्यानंतर १९७९ ते १९९२ या काळात मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात त्या संगीत विभागप्रमुख होत्या. (या विद्यापीठाला १९२० मध्ये पंधरा लाख रुपये दिले, ते सर विठ्ठलदास ठाकरसी या व्यापाऱ्यानेच, आपल्या आईच्या नावाने.) मैफलींचे उत्पन्न बेभरवशाचे; महिन्याचा पगार ठरलेला असला, म्हणजे मिळेल ते आमंत्रण स्वीकारण्याची सक्ती राहत नाही.

वीणा सहस्रबुद्धे यांचा मार्ग थोडा वेगळा. वडील शंकरराव बोडस हे पलुसकरांचेच शिष्य, त्यामुळे गुरू घरातच होता. तरीही त्यांनी कानपूर विद्यापीठातून गायन, संस्कृत व इंग्रजी साहित्य घेऊन १९६८ मध्ये पदवी घेतली. शिकणे मात्र पदवीपाशी थांबवले नाही, पं. गजाननबुवा जोशी यांच्यासारख्यांची तालीमही त्यांनी घेतली.

पुणे विद्यापीठाने १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू केले, तेव्हा गुरूकडील तालमीलाच अभ्यासक्रमात स्थान दिले. प्रवेश घेताना पालकांनी म्हणून इमारत पाहण्यापेक्षा आठवड्यातून किती तास गुरूसमोर बसायला मिळते, हे आधी विचारावे. आणि घरी एक खोली मोकळी ठेवावी. पहाटे पाचला तंबोरा लागणार आहे, तोही दिवाळीच्या हिशेबांच्या दिवसांत, घरातली माणसे रात्री बाराला निजलेली असताना.