स्थिर सायकल आणि विश्रांतीचा हिशेब

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या पिढीचा कामगार पाळीवर निघे तो सायकलवरून. आज तीच सायकल चाके गमावून अनेकांच्या दिवाणखान्यात स्थिरावली आहे. मे महिन्यात पारा 43 अंशांपलीकडे चढणाऱ्या या नगरीत तिचा मोह पडणे स्वाभाविकच.

मात्र दोहोंत एक भेद आहे. रस्त्यावर चौक येतो, ओळखीचे कोणी भेटते, पाय क्षणभर थांबतात. स्थिर सायकलीवर असा विसावा आपोआप मिळत नाही. जड चाकाच्या काही यंत्रांत तर पाय सैल सोडले तरी पॅडल फिरतच राहते. सवय नसताना पहिल्याच दिवशी तासभर जोर लावल्यास क्वचित स्नायुतंतू विघटित होतात व त्यांतील मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करू शकते. मांड्यांत असह्य वेदना, सूज आणि चहासारखी गडद लघवी दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

जोरदार व्यायामात खर्ची पडलेला स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा भरून निघण्यास साधारणतः एक दिवस लागतो. शिल्लक पाहूनच रक्कम काढावी, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको! झोतभट्टी अहोरात्र धगधगती ठेवावी लागते. शरीराचे तसे नाही. रात्रपाळीहून परतल्यावर आधी झोप घ्यावी, सायकल नंतर. सकाळची नाडी सलग काही दिवस नेहमीपेक्षा जलद लागत असेल, तर त्या दिवशी सुट्टी घेणेच श्रेयस्कर.

सायकल गुडघ्यांना सोसते, म्हणून निवृत्तांना ती सुचविली जाते, हे योग्यच. परंतु देहाचा भार बैठकीवर पडत असल्याने हाडांना आवश्यक तो ताण मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमांसोबत किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सुचविला; पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचेही व्यायाम. यास्तव सायकल एक दिवसाआड ठेवावी, त्यांतही जोराचा दिवस एखादाच. मधल्या दिवशी पहाटे सेक्टरमधील झाडांच्या सावलीतून चालावे, जिने चढावेत, थोडी वजने उचलावीत.

बंद खोलीत वारा नसल्याने घाम सुकत नाही, तेव्हा पंखा व पाणी जवळ असावे. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी बैठक उंच ठेवावी. हृदयविकार असणाऱ्यांनी व इन्सुलिन घेणाऱ्यांनी आरंभापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.