कॅम्पर व्हॅन घेताय? आधी कागद, मग पडदे

आपल्याकडे कॅम्पर व्हॅन बहुधा शोरूममध्ये तयार मिळत नाही. फोर्स ट्रॅव्हलरसारखी गाडी घ्यायची आणि आतली बांधणी वर्कशॉपकडून करून घ्यायची, हा रूढ मार्ग. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाहीत. त्यामुळे बांधणी एआयएस-१२४ या मानकाप्रमाणे होणार का आणि आरसीवर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन अशी नोंद मिळणार का, हे बयाणा देण्यापूर्वी लेखी घ्या. नोंद वेगळी निघाली तर विम्याचा दावा अडकू शकतो.

एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या मोटारीचा परवाना पुरतो. पंचावन्नीनंतर मात्र दर ५ वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं, तेही वैद्यकीय दाखल्यासह.

विजेचं गणित विक्रेते घाईत उरकतात. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. तासाला एक युनिट खाणारा एसी तेवढ्यावर अडीच तासही धड चालत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेरून वीज घेतल्याशिवाय झोप विसरा!

एकूण वजन मोजताना पाणीही धरा: १०० लिटर पाण्याची टाकी भरली की १०० किलो ओझं वाढतं.

साठीतल्या गुडघ्यांसाठी दाराची पायरी किती उंच आहे ते चढून बघा. रात्री जोडीदाराला न ओलांडता शौचालयापर्यंत जाता येतं का, तेही. टीव्ही काय, नंतरही बसवता येतो.