थांबायचे कुठे?

घरातली मुले कुरआन शरीफ पढायला बसतात तेव्हा उस्ताद त्यांना थांबण्याच्या खुणाही शिकवतात. 'मीम' आला की थांबायचेच, 'ला' आला की थांबायचे नाही, 'जीम' असेल तर दोन्ही चालते. थांबण्याची जागा चुकली तर अर्थ बदलतो, हे आपण लहानपणापासून जाणतो. मोबाईलवर मराठी लिहिताना मात्र आपले हे भान सुटते.

जुन्या मोडी लिखाणात विरामचिन्हे नव्हती. छापील मराठीत ती एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. आज ती बोटाखाली आहेत, तर आपण एकतर मूठमूठ उधळतो किंवा एकही वापरत नाही.

'उद्या येऊ नका थांबू' हा निरोप पाहा. 'उद्या येऊ, नका थांबू' म्हणजे आम्ही येतो, वाट पाहू नका. 'उद्या येऊ नका, थांबू' म्हणजे तुम्ही येऊच नका. दवाखान्यातून आजाऱ्याला घरी आणायचे असेल, तर एका स्वल्पविरामापायी सगळा घोळ!

याउलट 'लवकर फोन करा!!!!' वाचून आखातातल्या मुलाच्या छातीत धस्स होते. अम्मीला फक्त ईदला कधी येणार एवढेच विचारायचे असते. वडीलधाऱ्यांना 'कुठे आहात???' लिहिले, तर विचारपूस राहते बाजूला आणि ती उलटतपासणी वाटते.

एका प्रश्नाला एक प्रश्नचिन्ह पुरते. निरोप पाठवण्यापूर्वी आपण तो एकदा मोठ्याने वाचू या. चिन्ह कुठे हवे, ते जिभेला आपोआप कळते.