विलंबाची आवक-जावक

संगणकातील एखादे काम रेंगाळू लागले की डिस्कच्या सरासरी गतीचा आकडा पाहून तिला दोषी अथवा निर्दोष ठरवण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. परंतु प्रोग्रॅमची मागणी प्रथम फाइल सिस्टिमकडे दाखल होते, आणि तेथे लॉकची प्रतीक्षा, जर्नलमधील नोंद किंवा रांग यांत जो काळ जातो त्याचा तपशील डिस्कच्या आकड्यांत उमटतच नाही. शिवाय मेमरीत आधीच असलेला मजकूर काही मायक्रोसेकंदांत हाती येतो, तर फिरत्या तबकडीवरून आणावयाच्या मजकुराला कित्येक मिलिसेकंद लागतात. या दोहोंची सरासरी म्हणून जो आकडा निघतो, तेवढा वेळ बहुधा एकाही मागणीला लागलेला नसतो.

म्हणून मापन कर्नलच्या आतच झाले पाहिजे. सन मायक्रोसिस्टिम्समधील ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि ॲडम लेव्हेंथल यांनी घडवलेले, २००५ साली सोलॅरिस १० बरोबर सर्वांच्या हाती आलेले डीट्रेस आणि २०१४पासून लिनक्समध्ये आकारास आलेले ईबीपीएफ यांनी चालू यंत्रणा न थांबवता हे साध्य केले. कचेरीच्या बारनिशीत अर्जाची आवक-जावक नोंदवावी, त्याप्रमाणे फाइल वाचणाऱ्या फंक्शनच्या आरंभी एक वेळ आणि अखेरीस दुसरी वेळ टिपून, थ्रेडच्या क्रमांकावरून दोन्हींची रुजुवात घातली जाते. वजाबाकीचे फळ २ ते ३, ४ ते ७, ८ ते १५ मायक्रोसेकंद अशा दुपटीने वाढणाऱ्या गटांत कर्नलमध्येच जमा होते. प्रत्येक नोंद बाहेर आणावी लागत नसल्यामुळे मोजणीचा भार यंत्रावर फारसा पडत नाही, आणि ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

अशा वर्गवारीचे सामर्थ्य २००८च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग यांनी विलक्षण रीतीने दाखवले: डिस्कांच्या मांडणीसमोर ते मोठ्याने ओरडले, आणि त्या कंपनांनी लांबलेल्या क्रिया डीट्रेसवर आधारलेल्या आलेखात तत्क्षणी वर उसळल्या.

लिनक्सवरील एक्स्ट४स्लोअर हे साधन मुळात १० मिलिसेकंदांहून अधिक रेंगाळलेल्या क्रियाच दाखवते. प्रत्येक ओळीत प्रोग्रॅमचे नाव, क्रियेचा प्रकार, बाइट, विलंब आणि फाइलचे नाव असते. प्रकाराच्या जागी ‘एस’ हे अक्षर वारंवार दिसले तर एफसिंककडे वळावे, कारण साधे लेखन बहुधा मेमरीत उतरताच परतते, आणि मजकूर डिस्कवर पक्का होईपर्यंत डेटाबेसला खरोखर थांबावे लागते ते एफसिंकपाशी.